यकृतातील ताऱ्यांचा शोधकर्ता : कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर

विशेष प्रतिनिधी

वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुप्फर हे नाव पहिल्याच वर्षी पाठ करावे लागते. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत ठाण मांडून रक्तातील जंतू, कचरा आणि जीर्ण रक्तपेशी गिळंकृत करणाऱ्या पेशी म्हणजे कुप्फर पेशी, एवढे उत्तर लिहिले की परीक्षेत गुण मिळतात आणि बहुतेकांच्या लेखी तो विषय तेथेच संपतो. परंतु ज्या शास्त्रज्ञाच्या नावाने या पेशी आज जगभर ओळखल्या जातात, त्याने १८७६ मध्ये शोधलेल्या पेशी या नव्हेतच. त्याने पाहिल्या होत्या त्या अगदी निराळ्या, चांदणीच्या आकाराच्या पेशी. पुढे उतारवयात त्यानेच आपला मूळ निष्कर्ष मागे घेतला आणि दोन वेगळ्या पेशींना एकच ठरवले. या एका चुकीमुळे यकृताच्या अत्यंत महत्त्वाच्या पेशी पाऊणशे वर्षे विस्मृतीत गेल्या. यकृत कडक करणाऱ्या सिरोसिस या विकाराचे मूळ याच विस्मृतीत गेलेल्या पेशींत दडलेले होते, हे कळायला तर शंभरहून अधिक वर्षे जावी लागली.

कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८२९ रोजी कूरलँड प्रांतातील लेस्टेन या गावी झाला. हा प्रदेश आज लातव्हिया या देशात आहे. त्या काळी तेथे रशियाच्या झारचा अंमल होता. कुप्फर घराणे मात्र बाल्टिक किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या जर्मन भाषकांपैकी होते. वडील पाद्री होते. उच्च शिक्षणासाठी कार्ल दोर्पात येथे गेले. आज एस्टोनियातील तार्तू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावातील विद्यापीठ रशियन साम्राज्यात असूनही तेथील अध्यापन जर्मन भाषेतून चाले. १८५४ मध्ये कुप्फर यांनी तेथेच वैद्यकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली आणि फ्रीडरिश बिडर या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून रुजू झाले.

१८५६-५७ या काळात त्यांनी व्हिएन्ना, बर्लिन आणि गटिंगेन येथे अभ्यासदौरा केला. योहानेस म्युलर आणि एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांच्यासारख्या दिग्गजांचे मार्गदर्शन त्यांना या दौऱ्यात लाभले. १८५७ मध्येच बिडर यांच्यासह त्यांनी मज्जारज्जूच्या सूक्ष्म रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मज्जातंतूंचे हे वेड त्यांच्या साऱ्या आयुष्यात कायम राहिले. पुढे यकृतात त्यांना जे सापडले, त्याचे मूळही याच वेडात होते.

१८६६ मध्ये कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. कील हे बाल्टिक समुद्रावरील बंदर. समुद्राच्या सान्निध्यात कुप्फर यांचे लक्ष माशांच्या गर्भाकडे वळले नसते तरच नवल. जर्मन समुद्रांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या कामातही ते सहभागी झाले. हेरिंग माशाचे अंड्यातील संवर्धन कसे होते, याचा त्यांनी तपशीलवार अभ्यास केला. १८६८ मध्ये हाडे असलेल्या माशांच्या गर्भात शेपटीच्या टोकाशी काही काळच दिसणारी आणि मग नाहीशी होणारी एक इवलीशी पोकळी त्यांनी नोंदवली. तिचे प्रयोजन काय, हे तेव्हा कुणालाच सांगता आले नाही. २००० नंतरच्या दशकात झेब्राफिश या चिमुकल्या माशावरील प्रयोगांनी त्याचा उलगडा केला. या पोकळीतील सूक्ष्म केस एकाच दिशेने द्रव फिरवतात आणि त्या प्रवाहावरून हृदय, यकृत आदी अवयवांनी कोणत्या बाजूला असावे, हे ठरते. या पोकळीलाही कुप्फर यांचेच नाव आहे.

१८७५ मध्ये ते कोनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाले. यकृतातील मज्जातंतू नेमके कोठवर पोहोचतात, हा प्रश्न त्या सुमारास त्यांच्या मनात घोळत होता. मज्जातंतू दिसावेत म्हणून त्या काळचे शास्त्रज्ञ सोन्याच्या क्षाराचा वापर करीत. अवयवाच्या पातळ चकत्या या क्षाराच्या अतिशय सौम्य द्रावणात घालून अंधारात ठेवायच्या, म्हणजे मज्जातंतूंवर सोन्याचे सूक्ष्म कण बसून ते काळे दिसू लागत. कुप्फर यांनी यकृताच्या चकत्यांवर हाच प्रयोग केला. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मज्जातंतू दिसले नाहीत. त्याऐवजी संपूर्ण यकृतभर ठरावीक अंतराने विखुरलेल्या, रक्तवाहिन्यांना आपल्या लांब शाखांनी कवटाळून बसलेल्या काळ्याभोर पेशी दिसल्या. त्यांचा आकार चांदणीसारखा होता. कुप्फर यांनी त्यांना तारकापेशी असे नाव दिले आणि १८७६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डायर यांना पत्ररूपाने हा शोध कळवला. ते पत्र त्याच वर्षी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या पेशी मज्जातंतूंच्या नाहीत, तर रक्तवाहिन्यांच्या बाहेरील बाजूस असलेल्या संयोजी ऊतीच्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अचूक होता, हे आज आपण जाणतो.

कोनिग्सबर्गमधील आणखी एका कामामुळे कुप्फर यांचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर गेले. थोर तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांचे बहुतेक आयुष्य याच शहरात गेले होते. १८८० मध्ये कान्ट यांची कबर उघडण्यात आली, तेव्हा त्यांच्या कवटीची मोजमापे घेऊन अभ्यास करण्याचे काम कुप्फर आणि त्यांचे सहकारी बेसेल-हागेन यांनी केले. त्यांचा वृत्तान्त १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कवटीच्या आकारावरून बुद्धीचा अंदाज बांधू पाहणारा तो काळ होता. आज त्या मोजमापांना ऐतिहासिक कुतूहलापलीकडे फारसे मोल उरलेले नाही.

१८८० मध्येच कुप्फर म्युनिकला गेले आणि १९०१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथील शरीररचनाशास्त्राचे अध्यासन त्यांनी सांभाळले. या काळात त्यांचा मुख्य अभ्यास होता तो पृष्ठवंशीय प्राण्यांचे मस्तक आणि मेंदू गर्भावस्थेत कसे घडतात याचा. स्टर्जन आणि लॅम्प्रे यांसारख्या प्राचीन वळणाच्या जलचरांच्या गर्भांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. समकालीन शास्त्रज्ञ त्यांना ओळखत ते मुख्यतः गर्भविज्ञानाचे आणि मज्जासंस्थेचे अभ्यासक म्हणून. यकृतावरील ते छोटेसे पत्र त्यांच्या विपुल लेखनात जवळजवळ हरवूनच गेले होते.

परंतु यकृतातील ताऱ्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. सोन्याच्या क्षाराची पद्धत अतिशय लहरी होती. एका प्रयोगशाळेत तारे दिसत, तर दुसरीत त्याच कृतीने काहीच दिसत नसे. शोध खरा की भास, अशी शंका घेतली जाऊ लागली. अखेर १८९८ मध्ये, वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या कुप्फर यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. या वेळी त्यांनी वेगळी वाट धरली. प्राण्याच्या रक्तात चिनी शाईचे कण सोडून ते यकृतात कोणत्या पेशी उचलतात, हे त्यांनी पाहिले. शाईचे कण पोटात घेतलेल्या पेशी त्यांना स्पष्ट दिसल्या. त्याही बऱ्याचशा चांदणीसारख्याच दिसत होत्या. याच आपल्या जुन्या तारकापेशी, अशी त्यांची खात्री पटली. त्या रक्तवाहिनीच्या बाहेर नसून तिच्या भिंतीचाच भाग आहेत आणि परके कण गिळणे हे त्यांचे काम आहे, असा नवा निष्कर्ष त्यांनी जाहीर केला. स्वतःचा बरोबर असलेला पहिला निष्कर्ष चुकीचा म्हणून त्यांनी मागे घेतला.

वास्तविक शाईने दिसलेल्या पेशी आणि सोन्याने दिसलेल्या पेशी या सर्वस्वी भिन्न होत्या. पहिल्या रक्तवाहिनीच्या आत, तर दुसऱ्या तिच्या भिंतीमागे. मधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांना ते सांगणे कठीण होते. शिवाय सोने नेमके कशामुळे काळे पडते, हे कळण्याची सोयच नव्हती. त्याचे कारण होते तारकापेशींत साठवलेले अ जीवनसत्त्व, आणि जीवनसत्त्व ही कल्पनाच मुळी अजून जन्माला यायची होती. क्राकाव येथील पोलिश विकृतिशास्त्रज्ञ तादेऊश ब्रोविच यांनी त्याच सुमारास, १८९८ मध्ये, रक्तवाहिनीच्या आतील या भक्षक पेशींचे स्वतंत्रपणे वर्णन केले होते. तरीही नाव रूढ झाले ते कुप्फर यांचेच. १६ डिसेंबर १९०२ रोजी म्युनिक येथे कुप्फर यांचे निधन झाले. आपल्या नावाने जगभर शिकवल्या जाणाऱ्या पेशी आपण सर्वप्रथम पाहिलेल्या पेशी नव्हेत, हे त्यांना अखेरपर्यंत समजले नाही.

यानंतर पन्नास वर्षे तारकापेशींकडे कुणी फिरकले नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी जपानचे शरीररचनाशास्त्रज्ञ तोशिओ इतो यांना मानवी यकृतातील रक्तवाहिन्यांच्या भिंतीमागे चरबीचे थेंब बाळगणाऱ्या पेशी आढळल्या. त्यांनी त्या नव्या पेशी म्हणून नोंदवल्या आणि त्यांना इतो पेशी असे नाव पडले. कोडे सुटले ते १९७१ मध्ये. केंजिरो वाके या दुसऱ्या जपानी शास्त्रज्ञाने कुप्फर यांची सोन्याची जुनी, लहरी पद्धत चिकाटीने पुन्हा वापरात आणली. सोन्याने काळ्या पडणाऱ्या, चरबीचे थेंब बाळगणाऱ्या आणि अ जीवनसत्त्वामुळे अतिनील किरणांत चमकणाऱ्या या सर्व पेशी एकच आहेत, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचाही आधार घेऊन सिद्ध केले. म्हणजे कुप्फर यांचे १८७६ चे पत्र बरोबर होते आणि १८९८ ची दुरुस्ती हीच चूक होती. निरनिराळ्या नावांचा घोळ मिटवण्यासाठी १९९६ मध्ये जगभरातील संशोधकांनी या पेशींना यकृताच्या तारकापेशी असेच म्हणावे, असे ठरवले. एकशेवीस वर्षांनी कुप्फर यांनी दिलेले नाव पुन्हा रूढ झाले.

हा केवळ नावाचा वाद असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण या तारकापेशींवर लाखो रुग्णांचे भवितव्य अवलंबून आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, अतिरेकी मद्यपान, स्थूलपणा व मधुमेहातून येणारी यकृतातील चरबी अशा कोणत्याही कारणाने यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की जखमेवर वण पडावा तसे यकृतात तंतूंचे जाळे वाढू लागते. निरोगी यकृत मऊ असते. वणांनी भरलेले यकृत टणक होते, त्यातून रक्त वाहीनासे होते आणि पोटात पाणी साचणे, रक्ताच्या उलट्या होणे अशी संकटे ओढवतात. हाच सिरोसिस. हे तंतू तयार करतात कोण, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. यकृताच्या मुख्य पेशींवरच अनेकांचा संशय होता.

१९८० च्या दशकात तारकापेशी यकृतातून वेगळ्या काढून काचेच्या वा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवण्याचे तंत्र हाती आले आणि चित्र पालटले. निरोगी उंदराच्या यकृतात कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची निर्मिती प्रामुख्याने तारकापेशी करतात, हे १९८५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. एरवी अ जीवनसत्त्व सांभाळत शांत बसणारी ही पेशी इजा होताच आपला साठा टाकून देते, आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशीसारखे रूप घेते, तिची संख्या वाढते आणि ती तंतूंचा मारा सुरू करते.

तिला हा इशारा देतात ती ग्रोथ फॅक्टर या नावाने ओळखली जाणारी प्रथिने. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे रासायनिक निरोपच म्हणावे लागतील. त्यातील दोन विशेष महत्त्वाचे. पीडीजीएफ या प्रथिनाचा निरोप मिळाला की तारकापेशी भराभर विभागू लागतात आणि जखमेच्या दिशेने सरकतात. टीजीएफ-बीटा हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटले की आतील स्मॅड नावाची दूत प्रथिने केंद्रकात पोहोचतात आणि कोलॅजेनचे जनुक कार्यरत होते. पहिल्यामुळे कामगार वाढतात, दुसऱ्यामुळे प्रत्येक कामगाराचे उत्पादन वाढते.

हे निरोप धाडते कोण, याचे उत्तर १९८९-९० च्या प्रयोगांतून मिळाले आणि तेथे कुप्फर यांची कहाणी पूर्ण होते. कुप्फर पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, तो द्रव तारकापेशींवर घातल्याबरोबर त्या जाग्या झाल्या, वाढू लागल्या आणि तंतू निर्माण करू लागल्या. कुप्फर पेशींतून निघणारे टीजीएफ-बीटा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते, तर त्याच द्रवामुळे तारकापेशींवर पीडीजीएफचे ग्राहकही उगवत होते. कुप्फर यांनी एकच समजून गल्लत केलेल्या या दोन पेशी भिंतीच्या दोन बाजूंना बसून परस्परांशी संवाद साधत होत्या आणि त्या संवादातूनच यकृताचा वण वाढत होता. पुढे २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले, की इजा थांबल्यावर वण विरघळवण्याच्या कामीही यकृतातील भक्षक पेशींचाच हात असतो.

प्रयोगशाळेतील या अभ्यासाला एक मोठी अडचण होती. कठीण प्लॅस्टिकवर ठेवलेल्या तारकापेशी कोणतीही इजा नसताना काही दिवसांत आपोआप जाग्या होतात. टणक पृष्ठभाग हाच त्यांच्या दृष्टीने धोक्याचा इशारा ठरतो. म्हणजे वण यकृताला टणक करतो आणि टणकपणा पुन्हा वण वाढवतो, असे दुष्टचक्र. शिवाय सपाट बशीत जाग्या झालेल्या पेशी आणि आजारी यकृतातील पेशी यांचे वर्तन पूर्णपणे जुळत नाही. त्यामुळे संशोधक मऊ जेलकडे, यकृताच्या जिवंत ठेवलेल्या पातळ चकत्यांकडे आणि अनेक प्रकारच्या पेशी एकत्र वाढवून तयार केलेल्या यकृताच्या इवल्या गोळ्यांकडे वळले. २०१८ मध्ये मूळ पेशींपासून मानवी तारकापेशी घडवण्यात यश आल्याचे प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये जपानी व अमेरिकी संशोधकांनी मूळ पेशींपासून बनवलेल्या अशा गोळ्यांना चरबीचा खुराक दिला, तेव्हा त्यांत दाह आणि वण निर्माण झाला आणि गोळे चक्क टणक झाले. त्यांत तारकापेशी होत्या आणि कुप्फर पेशींसारख्या भक्षक पेशीही होत्या.

मग टीजीएफ-बीटा रोखणारे औषध देऊन प्रश्न सुटणार नाही का, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण हेच प्रथिन शरीरातील दाहाला लगामही घालते. ते जन्मतःच नसलेले उंदीर काही आठवड्यांतच सर्वांगाच्या दाहाने मरतात, हे १९९२ मध्ये दिसून आले होते. त्यामुळे नेमका यकृतातील निरोप थोपवायचा आणि इतरत्र हात लावायचा नाही, ही तारेवरची कसरत आहे. चरबीजन्य यकृतविकारातील वणासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम या औषधाला मान्यता मिळाली; मात्र ते तारकापेशींवर नव्हे, तर यकृताच्या मुख्य पेशींतील चरबीच्या व्यवहारावर काम करते.

यकृताचा वण मागे हटू शकतो, ही आशा मात्र पोकळ नाही. महाराष्ट्राने तिचा प्रत्यय घेतला आहे. एकेकाळी आपल्याकडील तान्ह्या मुलांचा बळी घेणाऱ्या बालसिरोसिसचा संबंध कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधातून पोटात जाणाऱ्या तांब्याशी आहे, हे पुण्यातील बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसमवेत १९८० च्या दशकात पुढे आणले. भांडी बदलली आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. शरीरातील तांबे बाहेर काढणारे औषध वेळेवर मिळालेली काही मुले वाचली आणि त्यांच्यापैकी काहींचे यकृत पुढे पूर्वपदावर आल्याचेही आढळले. इजा थांबली की जाग्या झालेल्या तारकापेशींपैकी काही मरतात, तर काही पुन्हा शांत होतात, हे २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले.

कुप्फर यांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या चुकीपेक्षा त्यांची नजर अधिक लक्षात राहते. ज्या पेशींचे कार्य सांगण्यासाठी आवश्यक असलेले रसायनशास्त्र त्यांच्या हयातीत अस्तित्वातच नव्हते, त्या पेशी त्यांनी सोन्याच्या चिमूटभर क्षाराने टिपल्या आणि त्यांचे स्थानही बिनचूक सांगितले. पुढे हाती आलेल्या नव्या पुराव्यापुढे त्यांनी आपले जुने मत सोडले. तो पुरावा दिशाभूल करणारा निघाला, हा दैवाचा खेळ. आज यकृताच्या कोणत्याही आकृतीत रक्तवाहिनीच्या आत कुप्फर पेशी आणि भिंतीमागे तारकापेशी अशी दोन नावे शेजारी शेजारी छापलेली असतात. पहिले नाव इतरांनी त्यांच्या स्मरणार्थ दिलेले, तर दुसरे त्यांनी स्वतः दिलेले. यकृताच्या वणावर उपाय शोधणाऱ्या संशोधकांचे काम आज या दोन पेशींच्या मधल्या अरुंद पोकळीत चालले आहे.